एचपीएलसी सॉल्व्हंट कसं हाताळायचं : क्यूसीत नवीन लागलेल्यांसाठी जरा सविस्तर

बीएस्सी, एमएस्सी करून क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे माल तपासणारी लॅब) लागलेली पोरं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, की सर मिथेनॉल तर मिथेनॉलच ना, मग कॉलेजात वापरायचो ती एलआरची (लॅबोरेटरी रीएजंट, साधी ग्रेड) बाटली आणि ही एचपीएलसीची (द्रव कॉलममधून दाबाने ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन) बाटली, भावात एवढा फरक कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट कळलं की पुढचं अर्धं काम आपोआप जमतं, म्हणून तिथूनच सुरू करू.

एआर (अ‍ॅनालिटिकल रीएजंट, एलआरच्या वरची) ग्रेडच्या लेबलवर पण ९९.८ वगैरे लिहिलेलं असतं आणि एचपीएलसी ग्रेडवर ९९.९. आकड्यात काहीच फरक दिसत नाही. पण ९९.९ टक्के म्हणजे उरलेला ०.१ टक्का, आणि ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग), आणि आपण इम्प्युरिटी शोधतो त्या किती, तर काही पीपीएम. तेव्हा तो ०.१ टक्का कशाचा आहे ह्यावर सगळा खेळ आहे. पाणी असेल तर रिव्हर्स फेजमध्ये (पाणी मिसळलेलं द्रव वाहवायची नेहमीची पद्धत) कोणाला फरक पडत नाही, पण युव्ही खाणारं काही असेल तर २१० नॅनोमीटरला बेसलाईन (आलेखाची पायाची रेघ) वर चढते, ग्रेडियंट (रन चालू असताना ऑरगॅनिक सॉल्व्हंटचं प्रमाण वाढवत नेणं) लावला की शेवटी डोंगर दिसतो, आणि मग सॅम्पलमध्ये नसलेला पीक (आलेखातला उंचवटा) सॅम्पलच्या माथी मारला जातो. एचपीएलसी ग्रेडचे जास्तीचे पैसे जातात ते ही युव्ही खाणारी घाण काढायला आणि ०.२ मायक्रॉनमधून गाळून काचेच्या बाटलीत भरायला.

आता ह्यातली मेख अशी, की लेबलवरची शुद्धता ही सील तुटेपर्यंतची आहे. त्यानंतर ती तुमच्या हातात. आणि मला इतकी वर्षं लॅबमध्ये काढून पक्कं पटलेलं आहे की सॉल्व्हंट साफ ठेवणाऱ्या सवयी आणि माणूस सुखरूप ठेवणाऱ्या सवयी ह्या वेगळ्या नाहीतच, झाकण लगेच लावणं, छोट्या बिकरमध्ये ओतून घेणं, तारीख लिहिणं, उरलेलं परत न ओतणं, ह्या प्रत्येकाने दोन्ही कामं होतात. तरी लॅबमध्ये सेफ्टीचं ट्रेनिंग वेगळं आणि अ‍ॅनालिसिसचं वेगळं देतात, त्यामुळे पोरांना सेफ्टी म्हणजे ऑडिटपुरती गोष्ट वाटते.

कुठलं सॉल्व्हंट, कुठली ग्रेड

आधी युव्ही कटऑफ पाठ करा, पाठच करा, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. एक सेंटीमीटरच्या सेलमध्ये सॉल्व्हंटचा अ‍ॅब्सॉर्बन्स १ होतो ती वेव्हलेंग्थ म्हणजे कटऑफ, त्याच्या खाली सॉल्व्हंट स्वतःच प्रकाश खातं. अ‍ॅसिटोनायट्राईल १९०, मिथेनॉल २०५, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) पण २०५, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) २१२ च्या आसपास, इथाइल अ‍ॅसिटेट २५६, टोल्युइन २८५ च्या आसपास आणि अ‍ॅसिटोन थेट ३३०. म्हणून अ‍ॅसिटोनने धुतलेला फ्लास्क नीट वाळवला नाही की क्रोमॅटोग्राममध्ये सुरुवातीला एक पीक हजर. आणि कटऑफच्या अगदी काठावर काम करायचं नाही, दहावीस नॅनोमीटर वर राहायचं. मेथड २१० ची असेल आणि मोबाईल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारं द्रव) मिथेनॉल असेल तर बेसलाईन थोडी नाचणारच, पंपाला शिव्या देऊ नका.

ग्रेडचं म्हणाल तर आयसोक्रॅटिक (मिश्रणाचं प्रमाण शेवटपर्यंत एकच असणाऱ्या) मेथडला साधी एचपीएलसी ग्रेड चालते, ग्रेडियंटला ग्रेडियंट ग्रेडच घ्या, कारण ग्रेडियंटमध्ये कॉलम सुरुवातीला पाण्यातली आणि सॉल्व्हंटमधली घाण धरून ठेवतो आणि ऑरगॅनिक वाढलं की एकदम सोडतो. एलसीएमएसचं (एचपीएलसीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं मशीन) गणित निराळं, तिथे युव्हीपेक्षा सोडियम, पोटॅशियम आणि प्लास्टिकमधून आलेली घाण जास्त छळते, त्यामुळे एलसीएमएस ग्रेडची बाटली ही त्याच मशीनची, कोणी "दोन मिनिटं देता का" म्हणून मागायला आलं तरी द्यायची नाही. हेडस्पेस जीसीला (सॅम्पलवरची वाफ तपासणारी गॅस क्रोमॅटोग्राफी) डीएमएसओ किंवा डीएमएफ लागतं ते हेडस्पेस ग्रेडचं, कारण तिथे आपण बाकीची सॉल्व्हंटच शोधत असतो, आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) यादीत बेंझीनची मर्यादा २ पीपीएम आहे आणि डायल्युएंटमध्येच (सॅम्पल ज्यात विरघळवतो ते द्रव) काही असेल तर मग झालंच. (डीएमएसओ साधारण साडेअठराला गोठतो, त्यामुळे नाशिक-नागपूरकडे थंडीत बाटली दगड झालेली दिसली तर घाबरू नका, माल खराब नाही, कोमट पाण्यात ठेवा, हॉट प्लेटवर नाही.)

अ‍ॅसिटोनायट्राईलबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे सॉल्व्हंट कोणी मुद्दाम फारसं बनवत नाही, अ‍ॅक्रिलोनायट्राईल बनवताना बाजूला निघतं. म्हणजे गाड्यांचं प्लास्टिक आणि अ‍ॅक्रिलिकचे धागे खपले तर आपल्याला अ‍ॅसिटोनायट्राईल मिळणार. २००८ च्या शेवटी तेच झालं, मंदीत अ‍ॅक्रिलोनायट्राईलची मागणी पडली, बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनमधले कारखाने बंद ठेवले होते, आणि अमेरिकेत आईक वादळाने टेक्सासमधला एक प्लांट थांबला, जगभरच्या लॅब बाटली बाटली मोजून वापरायला लागल्या आणि भाव कुठल्या कुठे गेले. तेव्हापासून बरेच लोक नवीन मेथड करताना आधी मिथेनॉलवर जमतं का बघतात. पण जुन्या मेथडमध्ये एकाच्या जागी दुसरं घालायचं असेल तर तसं सरळ नाही, सिलेक्टिव्हिटी (पीक एकमेकांपासून कसे सुटे होतात ते) बदलते, मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण निम्मं-निम्मं असताना सगळ्यात घट्ट होतं त्यामुळे प्रेशर बरंच चढतं, आणि व्हॅलिडेशन परत करावं लागतं.

आणि ह्याच जन्मामुळे अ‍ॅसिटोनायट्राईलमध्ये कायम जे उरायला बघतं ते म्हणजे अ‍ॅक्रिलोनायट्राईल, अलाइल अल्कोहोल, ऑक्झाझोल असले पाहुणे, आणि चांगली ग्रेड म्हणजे हे काढून टाकलेली ग्रेड.

सीओए वाचायचं कसं

लॉट आला की स्टोअरवाले सीओए (सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस, लॉटचा तपासणी दाखला) फाइलला लावतात आणि कोणी बघत नाही. बघा. चार ओळी महत्त्वाच्या आहेत. पहिली अ‍ॅब्सॉर्बन्सची, २००, २१०, २२०, २३०, २५४ ला किती, तुमच्या मेथडची वेव्हलेंग्थ शोधा आणि मागच्या लॉटशी लावून बघा, लिमिटच्या आत आहे एवढ्यावर खूश होऊ नका कारण मागचा लॉट लिमिटच्या निम्म्यावर असेल आणि हा काठावर असेल तर लो लेव्हलच्या इम्प्युरिटीला फरक दिसतो. दुसरी ग्रेडियंट टेस्ट, त्यात सगळ्यात मोठा पीक किती मिली एयू (अ‍ॅब्सॉर्बन्सचं एकक). तिसरी रेसिड्यू ऑन इव्हॅपोरेशन, म्हणजे सॉल्व्हंट उडून गेल्यावर मागे काय उरतं, हे जास्त असेल तर डिटेक्टरच्या सेलवर आणि एमएसच्या सोर्सवर थर बसतो. चौथी पाणी, केएफने (कार्ल फिशर, पाणी मोजायची पद्धत) काढलेलं, नॉर्मल फेज (रिव्हर्सच्या उलटी, बिनपाण्याची पद्धत) करणाऱ्यांनी ही आधी बघायची.

क्लोरोफॉर्म घेताना स्टॅबिलायझर बघा. काही बाटल्यांत अर्धा ते एक टक्का इथेनॉल असतं, काहींत अमायलीन. नॉर्मल फेजमध्ये इथेनॉल एवढंसं असलं तरी रिटेन्शन (पीक यायला लागणारा वेळ) हलतो, आणि परचेसने "तेच तर आहे" म्हणून दुसऱ्या प्रकारची बाटली आणली की आठवडाभर कॉलमवर संशय. स्टॅबिलायझर काढून टाकायची हौस मात्र करू नका, तो असतो कारण क्लोरोफॉर्म उजेडात आणि हवेत ठेवला की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

बाटली उघडताना

हे अगदी जवळून सांगतो कारण निम्म्या भानगडी इथेच होतात.

अडीच लिटरची बाटली उचलायची ती एक हात बुडाखाली आणि एक हात बाटलीच्या खांद्याला. मानेच्या त्या बोटाच्या कडीत बोट घालून लोंबकळत न्यायची नाही. अ‍ॅसिटोनायट्राईलचं द्रवच दोन किलोच्या जवळ जातं, डायक्लोरोमिथेनचं सव्वातीन किलोच्या वर, त्यात काचेचं वजन वेगळं. स्टोअरपासून लॅबपर्यंत जायचं असेल तर बॉटल कॅरियर नाहीतर सरळ प्लास्टिकची बादली घ्या, लाज वाटून घ्यायचं कारण नाही, फुटली तर बादलीत फुटेल.

उघडायच्या आधी झाकण आणि मान पुसायची, टिश्यूवर थोडं आयपीए घेऊन. गोदामातली धूळ झाकणाच्या खाचेत बसलेली असते आणि झाकण फिरवलं की सरळ आत. मग सीलची रिंग शाबूत आहे का बघा, रिंग आधीच तुटलेली असेल तर ती बाटली नवी नाही, कोण काय म्हणतं ते ऐकू नका. लेबलवर लगेच उघडल्याची तारीख, वापरायची मुदत आणि सही. "नंतर लिहितो" म्हटलं की ती तारीख अंदाजपंचे पडते.

उन्हाळ्यात एक जास्तीची काळजी. डायक्लोरोमिथेन ४० डिग्रीच्या जरा खालीच उकळतं. चंद्रपूर, नागपूर, जळगाव कडे मे महिन्यात टेम्पोतून आलेल्या बाटलीत वाफेचा दाब साठलेला असतो, ती आली तशी उघडली तर फस्सकन तोंडावर. एसीत सावलीत तासदोन तास बसू द्या, मग फ्युम हूडमध्ये, तोंड पलीकडे करून, झाकण पाव फेरा सैल करायचं, आवाज जाऊ द्यायचा, मग पूर्ण.

ओतायचं ते साफ छोट्या बिकरमध्ये किंवा मेजरिंग सिलिंडरमध्ये, हवं तेवढंच. मूळ बाटलीत पिपेट घालायचं नाही, कितीही धुतलेलं असो. उरलेलं परत बाटलीत नाही, ते वेस्टमध्ये, जीव तुटतो महागडं म्हणून पण शंभर एमएल वाचवायला अडीच लिटर घालवण्यात काही अर्थ नाही. झाकण उलटं करून ठेवा, आतली बाजू बेंचला लागू नये, आणि दोन बाटल्या एकदम उघडू नका, झाकणांची अदलाबदल होते आणि कोणाला कळतही नाही. पॅराफिल्म हेक्सेन, क्लोरोफॉर्म, टोल्युइनच्या वाफेने विरघळतो आणि बाटलीत उतरतो, त्यामुळे ह्यांच्या तोंडाला तो गुंडाळायचा नाही. टीएचएफ आणि डायक्लोरोमिथेन तर पीईईके (PEEK) प्लास्टिकचं टयुबिंग पण फुगवतात, नॉर्मल फेजला स्टीलची लाईन लावतात ती उगाच नाही.

दमट हवेचा मुद्दा कोकण, मुंबई, गोवा वाल्यांनी जास्त मनावर घ्यावा. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिथेनॉल, टीएचएफ, अ‍ॅसिटोनायट्राईलची बाटली हवेतलं पाणी ओढते. रिव्हर्स फेजला फार बिघडत नाही, केएफ आणि नॉर्मल फेजला बिघडतं.

मोबाईल फेज करताना

पाण्याकडे लक्ष द्या, लोक सॉल्व्हंटवर हजारो खर्च करतात आणि पाणी कालच्या कॅनमधलं. १८.२ मेगाओहम हा आकडा आयनांचा आहे, ऑरगॅनिक घाण त्यात दिसत नाही, त्यासाठी टीओसी (पाण्यातला एकूण ऑरगॅनिक कार्बन) बघायचा. सुरुवातीचं पाणी सोडून द्या, मग काचेच्या बाटलीत घ्या, वॉश बॉटलमधलं कधीच नाही कारण मऊ प्लास्टिकमधून काहीबाही सुटतं. आणि शुद्ध पाण्यात बॅक्टेरिया मजेत वाढतात, म्हणून पाणी आणि बफर रोज ताजा. जुन्या बफरमध्ये नवा टॉपअप करणं हा तर लॅबमधला सगळ्यात लाडका गुन्हा आहे.

पाणी आणि मिथेनॉल वेगवेगळं मोजून मग एकत्र करायचं. ५०० आणि ५०० एकत्र केलं की हजार होत नाही, साधारण ९६५ होतं. मग कोणी हुशारी करून ५०० मिथेनॉल घेऊन वर हजारच्या खुणेपर्यंत पाणी भरतो, पाणी जास्त जातं, आणि रिटेन्शन टाईम लांबतो, आणि दुसऱ्या शिफ्टवाल्याने वेगवेगळं मोजलेलं असलं की दोघांचे क्रोमॅटोग्राम जुळत नाहीत आणि मिटिंग लागते. मिथेनॉल-पाणी मिसळलं की गरम होतं आणि अ‍ॅसिटोनायट्राईल-पाणी गार, दोन्ही रूम टेंपरेचरला येऊ द्या. गार मिश्रण तसंच लावलं तर गरम होताना हवा सोडतं आणि पंपात बुडबुडे.

फॉस्फेट बफर असेल तर ऑरगॅनिक ७० टक्क्यांच्या वर न्यायच्या आधी एका टेस्टट्यूबमध्ये मिसळून बघा, पांढरं पडलं तर तेच तुमच्या पंपात पडणार आहे. रन संपल्यावर बफरवरून सरळ शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राईलवर उडी नाही, मध्ये दहा टक्के ऑरगॅनिकवाल्या पाण्याने धुवून घ्या.

गाळण्याबद्दल माझं मत जरा एसओपीच्या (लॅबची लेखी कार्यपद्धती) विरुद्ध जाणारं आहे. बफर गाळायचाच, ०.४५ किंवा ०.२ ने. पण सीलबंद बाटलीतलं ऑरगॅनिक मुळात ०.२ मधून आलेलं आहे, ते परत असेंब्लीतून काढलं तर साफ होण्याऐवजी मेंबरेनची, फनेलची आणि व्हॅक्युमच्या नळीची घाण त्यात जाते. एसओपीत लिहिलं असेल तर करा, नवीन एसओपी लिहीत असाल तर विचार करा. मेंबरेन निवडताना मात्र चूक नको, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, सेल्युलोज नायट्रेट हे ऑरगॅनिकमध्ये विरघळतात, नायलॉन बहुतेक ठिकाणी चालतो, निव्वळ ऑरगॅनिकला पीटीएफई.

सोनिकेटरमध्ये डीगॅस करताना झाकण घट्ट नको आणि अर्धा तास विसरून जाऊ नका, बाथ तापतो आणि ऑरगॅनिक उडून रेशो बदलतो. मोबाईल फेजच्या बाटल्या साबणाने धुऊ नका, मावशींना नीट सांगून वेगळ्या ठेवायला लावा, साबणाचा थर काचेवरून जाता जात नाही.

इतकं करूनही घोस्ट पीक (कुठून आला ते कळत नाही असा) आला तर अंदाज न मारता ब्लँक ग्रेडियंट चालवा, काहीच इंजेक्ट न करता. पीक आला तर तो सॅम्पलचा नाही. मग सुरुवातीचा इक्विलिब्रेशनचा (कॉलम स्थिरावू द्यायचा) वेळ दुप्पट करा, पीकही वाढला तर घाण पाण्याकडच्या लाईनमधून येतेय, कारण कॉलम तेवढा वेळ ती साठवत बसलेला असतो. मग पाणी बदला, तेवढ्याने गेला तर पाणीच. नाही गेला तर बफरचं सॉल्ट, बाटली, सिंकर (बाटलीत बुडवलेला फिल्टर), ह्या क्रमाने. एकावेळी एकच गोष्ट बदला.

आता जिवाचं बोलू

वासावर भरवसा ठेवू नका. अ‍ॅसिटोनायट्राईलची आठ तासांची शिफारस केलेली मर्यादा २० पीपीएम आहे आणि नाकाला कळेपर्यंत बहुतेकदा त्याच्या वर गेलेलं असतं, शिवाय थोड्या वेळात नाकाला सवय होते. आणि ह्याची खरी भीती वेगळीच आहे, शरीरात गेल्यावर लिव्हर त्याचं हळूहळू सायनाईड करतं. म्हणजे सांडलं, अंगावर गेलं, वाफ घेतली, त्या वेळी माणूस ठणठणीत, आणि काही तासांनी घरी गेल्यावर डोकं, उलटी, श्वास. म्हणून "काही नाही झालं सर" म्हणणाऱ्याला एकट्याला लोकलमध्ये बसवून देऊ नका. कपडे काढून पंधरा मिनिटं पाण्याखाली, आणि डॉक्टरकडे, सोबत एसडीएसची (सेफ्टी डेटा शीट) प्रिंट. डॉक्टरांना सॉल्व्हंटचं नाव नीट सांगणं फार महत्त्वाचं, कारण सायनाईडचा उतारा वेगळा आणि मिथेनॉलचा वेगळा.

मिथेनॉल काय करतं ते महाराष्ट्राला सांगायला नको, २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनेच. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि आधी डोळ्यांची नस जाते. म्हणून मिथेनॉलचा साठा कुलपात, रजिस्टरवर, आणि पाण्याच्या बिसलेरीसारख्या बाटलीत कुठलंही सॉल्व्हंट कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, भरायचं नाही. त्याची ज्योतसुद्धा भर उजेडात जवळजवळ दिसत नाही, आग लागलीये हे उष्णतेने कळतं.

आगीचं साधं गणित म्हणजे फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते. अ‍ॅसिटोनायट्राईलचा २ डिग्री, मिथेनॉलचा ११, हेक्सेनचा शून्याखाली वीसच्याही खाली. म्हणजे साध्या रूम टेंपरेचरला ह्यातली कुठलीही बाटली उघडी असेल तर ठिणगी पुरेशी आहे. आणि वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते आणि जमिनीवरून सरकत पलीकडच्या हॉट प्लेटपर्यंत, घरगुती फ्रिजपर्यंत जाते. साध्या फ्रिजमध्ये सॉल्व्हंट ठेवायचं नाही ते ह्याचसाठी, आत थर्मोस्टॅटची ठिणगी पडते. ड्रममधून काढताना अर्थिंगची क्लिप ड्रमला पण आणि डब्याला पण, हेक्सेन-टोल्युइन नुसतं ओतल्यानेही स्टॅटिक तयार होतं.

हेक्सेनबद्दल थोडं, कारण त्याला लोक निरुपद्रवी समजतात. एन-हेक्सेन वर्षानुवर्षं श्वासातून गेलं की हातापायाच्या नसा जातात, मुंग्या येणं, ताकद कमी होणं. काचेची भांडी हेक्सेनने उघड्यावर धुणं बंद करा, ज्याला ज्याला सांगता येईल त्याला सांगा.

ग्लोव्हज. निळे पातळ नायट्राईल घातले म्हणजे कवच चढवलं असं नाही. डायक्लोरोमिथेन त्यातून एकदोन मिनिटांत आरपार जातं, अ‍ॅसिटोनायट्राईलही काही मिनिटांत. ते फक्त शिंतोड्यांसाठी, उडालं की लगेच काढून नवीन. मोठं सांडलेलं उचलायचं असेल तर अ‍ॅसिटोनायट्राईल-मिथेनॉलला ब्युटाइल रबरचे जाड. अ‍ॅप्रन सुती, नायलॉनचा जळताना अंगाला चिकटतो.

फ्युम हूडमध्ये काम कडेपासून सहा इंच आत, काच खुणेपर्यंत खाली, आणि हूड म्हणजे कपाट नाही. मागच्या खाचेसमोर बाटल्यांची रांग लावली की ओढ मरते, मग समोर उभं राहून तुम्ही सगळं हुंगताय.

सांडलं तर स्विच चालू-बंद करायला धावू नका, जवळचा सॉकेटसुद्धा सोडा. माणसं बाहेर, आणि हाताशी असेल तर वाळू किंवा स्पिल पॅड कडेकडेने टाकून आत यायचं, मग झिपच्या पिशवीत नाहीतर झाकणाच्या डब्यात. हेक्सेनच्या आगीवर पाणी मारलं तर ती तरंगत पसरते, डीसीपी (ड्राय केमिकल पावडर) किंवा सीओटू वापरा.

टीएचएफ, वेगळं

टीएचएफवर वेगळं लिहितोय कारण तिथे शुद्धता वाढली की धोका वाढतो. साध्या टीएचएफमध्ये बीएचटी नावाचं स्टॅबिलायझर असतं, ते पेरॉक्साइड होऊ देत नाही, पण बीएचटी युव्हीत दिसतं म्हणून एचपीएलसी ग्रेडमधून ते काढलेलं असतं. म्हणजे आपण जे वापरतो ते बिनसंरक्षणाचं. हवा लागली की पेरॉक्साइड साठत जातं. त्यामुळे लहान बाटली मागवा, एक लिटरची, उघडल्याची तारीख मोठ्या अक्षरात, आणि मुदत संपली की कितीही उरलं असो, काढा. वापरायच्या आधी पेरॉक्साइडची स्ट्रिप बुडवायची, शंभर पीपीएमच्या वर दाखवलं तर हात न लावता ईएचएसला (सेफ्टी विभाग) बोलवा, त्याच्या खाली पण काही दाखवलं तर निदान रोटावर (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) लावू नका, कारण सॉल्व्हंट उडत जातं आणि पेरॉक्साइड मागे घट्ट होत जातं. कोरडं होईपर्यंत तर कधीच नाही. आणि कोपऱ्यात सापडलेल्या जुन्या टीएचएफ किंवा इथरच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर झाकण फिरवायचं नाही, हलवायचीही नाही, घर्षणाने स्फोट होतो.

वेस्ट आणि रिकाम्या बाटल्या

हॅलोजनवालं (क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन वगैरे) वेगळं, बिनहॅलोजनचं वेगळं, आम्ल-अल्कली वेगळं. नायट्रिक अ‍ॅसिड कधीही सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये नाही, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन वगैरेशी ते गॅस सोडत तापत जातं आणि कॅन फुटतो, आणि फुटतो तो कधी रात्री. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोनही एका कॅनमध्ये नको, अल्कली आली की जोरात रिअ‍ॅक्शन होते. कॅन पाऊण भरला की बदला, मशीनच्या वेस्ट कॅनला नळीपुरतं भोक आणि व्हेंट असलेलं झाकण, उघडं तोंड आणि त्यात कोंबलेला फॉइल हे चालणार नाही.

सिंकमध्ये ओतायचं नाही आणि हूडमध्ये उघडं ठेवून उडवायचंही नाही. २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट रूल्सखाली हा स्पेंट सॉल्व्हंट आहे, कॅनवर फॉर्म ८ चं लेबल लागतं आणि साधारण नव्वद दिवसांच्या वर साठवता येत नाही, मग मॅनिफेस्टसकट (मालासोबत जाणारं पत्रक) तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी असल्या ठिकाणच्या अधिकृत सोयीकडे किंवा रिकव्हरीवाल्याकडे. अ‍ॅनालिस्ट म्हणून तुमचं काम एवढंच की कॅनवर आत काय गेलं ते खरं लिहिणं, "मिक्स सॉल्व्हंट" लिहून मोकळं होऊ नका, पुढे तो कॅन उघडणारा माणूस त्या लेबलवर विसंबून असतो.

राहिली रिकामी बाटली. रिकामी म्हणजे द्रव नाही, वाफ भरपूर आहे, आणि आग धरायला ती भरलेल्या बाटलीपेक्षा सोपी. हूडमध्ये थोड्या पाण्याने तीनदा खंगाळा, ते पाणी वेस्टमध्ये, आणि झाकण काढून सुकू द्या. पाण्यात न मिसळणारं सॉल्व्हंट असेल तर आधी थोड्या आयपीएने. मग लेबल ओरबाडून काढा किंवा मार्करने आडवी फुली मारा, तेव्हाच भंगारात. ह्या ब्राऊन बाटल्यांना बाहेर मागणी फार, त्यात फिनेल भरतात, अ‍ॅसिड भरतात, कोणी रॉकेल भरतं, आणि आपल्या लॅबमधला कोणीतरी सरबताला म्हणून घरी पण नेतो. तो नेत असेल तर त्याच्या हातातून काढून घ्या.